सर्व्हरचे स्थान व स्थानिक शोधक्रम : शिरवणे गावाच्या निमित्ताने

संकेतस्थळांच्या व्यवहारात एक समजूत दीर्घकाळ रूढ आहे. ज्या यंत्रावर संकेतस्थळाची पाने ठेवलेली असतात, म्हणजे ज्यास सर्व्हर असे म्हणतात, ते यंत्र ज्या देशात किंवा शहरात असेल तेथील शोधकास ते संकेतस्थळ शोधयंत्राच्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसते, अशी ही समजूत होय. तिच्यावरून असा निष्कर्ष काढण्यात येतो की, गिऱ्हाईक जेथे असेल तेथेच सर्व्हरही असला पाहिजे, व त्याकरिता दरसाल दोन पैसे अधिक मोजावे लागले तरी ते मोजावेत. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. तिला एके काळी आधार होता. तो कोणत्या प्रकारचा होता, तो केव्हा क्षीण झाला, व आधार गेल्यावरही समजूत का टिकून राहिली, हा खरे पाहता इतिहासाचाच प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या तपासणीस नवी मुंबईतील शिरवणे हे गाव विशेष सोयीचे आहे. नेरूळ व जुईनगर यांच्या लगत असलेल्या या गावाच्या एका अंगास जुने गावठाण आहे, तर दुसऱ्या अंगास ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक क्षेत्र. त्याच पट्ट्यात उत्तरेकडे महापे, रबाळे व ऐरोली येथे सर्व्हरांची मोठमोठी कोठारे, म्हणजे डेटा सेंटरे, उभी आहेत. सर्व्हरच्या सान्निध्याने स्थानिक शोधक्रम वाढत असता, तर या पट्ट्यातील गावांइतकी भाग्यवान गावे भारतात विरळाच म्हणावी लागतील.

गावाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खाडीकाठची भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर आगरी-कोळी समाजाची उपजीविका चालत असलेल्या ठाणे तालुक्यातील गावांपैकी हे एक. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक क्षेत्र वसविले. पुढे मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. या भूसंपादनाचा इतिहास सर्वश्रुत आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा लढा, जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील गोळीबारात पडलेले पाच शेतकरी, व त्यानंतर आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना, एवढा उल्लेख येथे पुरे. १९९२ साली रेल्वे वाशीपर्यंत आली, पुढील वर्षी ती नेरूळपर्यंत पोचली, आणि शिरवण्याची जुनी ओळख हळूहळू स्थानकांच्या व सेक्टरांच्या नावांखाली झाकली जाऊ लागली. या शेवटच्या गोष्टीचा प्रस्तुत विषयाशी वाटतो त्याहून निकटचा संबंध आहे; त्याचा विचार पुढे येईल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या काळी, व त्यानंतर कित्येक वर्षे, भारतीयांची बहुतेक संकेतस्थळे अमेरिकेतील सर्व्हरवर असत. याचे कारण साधे होते. तेथे जागा स्वस्त मिळे, वीज अखंड असे, आणि तारांचे जाळे रुंद होते. मराठीतील संकेतस्थळांचा प्रारंभही परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हातून झाला. १९९६ साली अमेरिकेतून सुरू झालेले ‘मायबोली’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा स्थितीत मुंबईतील एखाद्या व्यापाऱ्याने आपले संकेतस्थळ उभारले, तर त्याचा मजकूर मुंबईचा, गिऱ्हाईक मुंबईचे, परंतु पाने मात्र सातासमुद्रापलीकडे, अशी विचित्र अवस्था होई.

नाव-पत्त्याची गोष्टही तशीच होती. भारताचे ‘.इन’ हे डोमेन १९८९ पासून अस्तित्वात होते. पण नियम इतके कडक होते की, २००४ अखेरपर्यंत त्याखालील नोंदींची संख्या काही हजारांच्या पुढे गेली नाही. २००५ च्या प्रारंभी हे नियम शिथिल होऊन निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली ते सर्वांस खुले झाले. तोपर्यंत भारतीय व्यापारी ‘.कॉम’ घेऊन स्वस्थ बसत असे. तात्पर्य, नावावरून पाहावे तर देश कळत नाही, आणि सर्व्हरवरून पाहावे तर देश अमेरिका निघतो, असा हा पेच होता.

नेमक्या याच काळात शोधयंत्रांनी देशवार सेवा सुरू केल्या. गूगलच्या भारतीय आवृत्तीत केवळ ‘भारतातील पाने’ दाखविण्याचा एक पर्याय असे. एखादे पान भारतातील आहे की नाही हे यंत्राने कसे ठरवावे? त्याकरिता मुख्यत्वे दोन खुणा पाहिल्या जात. पहिली खूण डोमेनचा शेवट, आणि दुसरी सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे त्या यंत्रास जाळ्यावर मिळालेला अंकात्मक क्रमांक. ‘.इन’ नसेल तर सारी भिस्त आयपी पत्त्यावर. म्हणून २००३-०४ च्या सुमारास ‘.कॉम’ नाव व अमेरिकन सर्व्हर असलेले भारतीय दुकान ‘भारतातील पाने’ या यादीतून गळून पडण्याचा संभव खरोखरच होता, व सर्व्हर भारतात आणल्याने तो टळू शके. समजुतीचे मूळ हे आहे. ज्यांनी त्या काळात तो सल्ला दिला त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास या पद्धतीतील उणीव तत्काळ जाणवेल. कागद कोठल्या दप्तरात आहे यावरून तो कोणत्या मुलखाविषयी आहे हे ठरविता येत नाही. वसई व साष्टी प्रांतांविषयीचे पोर्तुगीज कागद पणजीस व लिस्बनला आहेत. म्हणून ते लिस्बनचा इतिहास ठरत नाहीत. तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद तमिळ प्रदेशात राहिले म्हणून त्यांची भाषा बदलली नाही. दप्तराचे स्थान ही एक गौण खूण असते. दुसरी कोणतीही खूण हाती नसेल तेव्हाच तिचा आधार घ्यावयाचा, आणि कागदाच्या आतील पुरावा सापडताच ती बाजूस ठेवावयाची, हा संशोधनाचा सर्वमान्य नियम होय. शोधयंत्रांनाही काही वर्षांच्या अनुभवाने हाच नियम पत्करावा लागला.

शिवाय, आयपी पत्त्यावरून निघणारे स्थान हे दप्तराच्या स्थानाइतकेही भरवशाचे नसते. हे पत्ते जगातील पाच विभागीय नोंदणी संस्था वाटून देतात. आशिया-पॅसिफिक विभागाचे काम एपनिककडे आहे, व भारतासाठी २०१२ पासून आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था काम पाहते. या नोंदवहीत पत्ता कोणत्या संस्थेला दिला हे लिहिलेले असते. ते यंत्र प्रत्यक्ष कोणत्या इमारतीत आहे हे नव्हे. एका शहरात नोंदलेल्या कंपनीचे पत्ते दुसऱ्या शहरातील यंत्रांना लावलेले असणे अगदी नित्याचे आहे. पुढे तर एकच पत्ता एकाच वेळी अनेक शहरांतील यंत्रांनी धारण करावयाचा, आणि वाचकास जे यंत्र जवळ पडेल त्याने उत्तर द्यावयाचे, अशी व्यवस्था प्रचारात आली. संकेतस्थळांच्या प्रती जगभर वाटून ठेवणाऱ्या सेवांचा, म्हणजे ज्यांस संक्षेपाने सीडीएन म्हणतात त्यांचा, हाच पाया आहे. अशा संकेतस्थळाचे ‘स्थान’ कोणते, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

आधार क्षीण होत गेल्याचे टप्पे तारखांनिशी दाखविता येतात. ऑक्टोबर २००७ मध्ये गूगलने संकेतस्थळाच्या मालकास आपले पान कोणत्या देशासाठी आहे हे स्वतः नोंदविण्याची सोय करून दिली. मालकाच्या तोंडची साक्ष मिळाल्यावर सर्व्हरच्या साक्षीचे मोल आपोआपच उतरले. मार्च २०१० मध्ये त्याच कंपनीने अनेक देशांसाठी असलेल्या संकेतस्थळांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात सर्व्हर बहुधा वाचकांच्या जवळ असतो हे मान्य करूनही, वाटप-सेवांमुळे किंवा अन्य देशातील चांगल्या सोयींमुळे तो दूर असू शकतो, सबब केवळ त्यावर विसंबण्याचे टाळले जाते, असे स्पष्ट सांगितले. ऑक्टोबर २०१७ पासून शोधकाने कोणत्या देशाचे गूगल उघडले यापेक्षा तो स्वतः कोठे आहे यास प्राधान्य आले. सप्टेंबर २०२२ मध्ये २००७ ची देश नोंदविण्याची सोयही काढून टाकण्यात आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये देशवार डोमेने एकाच मुख्य पत्त्याकडे वळविण्याचे जाहीर झाले. या सर्व टप्प्यांतून एकच गोष्ट दिसते. पान कोठून येते याची चौकशी मागे पडत गेली, आणि विचारणारा कोठे उभा आहे ही चौकशी पुढे येत गेली.

या संबंधात मराठी विकिपीडियाचे उदाहरण निर्णायक मानण्यास हरकत नाही. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचे मुख्य सर्व्हर कित्येक वर्षे फ्लॉरिडातील टँपा येथे होते, व जानेवारी २०१३ मध्ये ते व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे हलविण्यात आले. आशियातील वाचकांसाठी प्रती ठेवणारे केंद्र २०१८ मध्ये सिंगापूर येथे सुरू झाले. त्याचे डोमेनही भारताचे नाही. म्हणजे जुन्या दोन्ही खुणांच्या कसोटीवर हा ग्रंथ परदेशी ठरतो. असे असूनही महाराष्ट्रातील गावे, तालुके, किल्ले किंवा संत यांविषयी मराठीत शोध घेणाऱ्यास त्याची पाने वारंवार यादीच्या अग्रभागी आढळतात. मजकुराची भाषा, त्यातील स्थळनामे, आणि इतर पानांनी त्याकडे केलेले निर्देश, या आतील पुराव्यापुढे सर्व्हरचे स्थान टिकत नाही. टँपाहून अ‍ॅशबर्नला गेल्याने, किंवा प्रती सिंगापुरास आल्याने, हा ग्रंथ अधिक वा कमी मराठी झाला असे कोणी म्हणणार नाही.

येथवर देशाचा विचार झाला. स्थानिक शोध म्हणजे गाव-पेठेच्या पातळीवरचा शोध, आणि त्याची रीत आणखी निराळी आहे. शिरवण्याच्या औद्योगिक क्षेत्रात काम करणारा मनुष्य भ्रमणध्वनीवर ‘जवळचे खानावळ’ किंवा ‘मोटर रिवाइंडिंग’ असे विचारतो, तेव्हा नकाशासह जी यादी पुढे येते तिचा क्रम गूगलच्या स्वतःच्या निवेदनाप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतो. विचारलेल्या वस्तूशी दुकानाची कितपत जुळणी आहे, ते विचारणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि त्याचा लौकिक किती आहे. यातील अंतर हे दुकानाच्या गाळ्याचे अंतर होय, सर्व्हरचे नव्हे. लौकिकात गिऱ्हाइकांचे अभिप्राय येतात, तसेच संकेतस्थळाचा सामान्य शोधातील क्रमही काही अंशी येतो. म्हणजे संकेतस्थळ अगदीच निरुपयोगी नाही. तथापि सर्वांत बोलका पुरावा असा की, ज्या दुकानास संकेतस्थळच नाही, म्हणून सर्व्हरही नाही, तेदेखील या यादीत येते व पुष्कळदा पहिलेही येते. २०१४ पासून ‘गूगल माय बिझनेस’ व २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने चाललेल्या नोंदवहीत दुकानाचे नाव, पत्ता, वेळ व धंद्याचा प्रकार बिनचूक असणे, एवढ्यावरच तेथील पुष्कळसे काम भागते. जे कारण मुळीच अस्तित्वात नसतानाही कार्य घडते, ते त्या कार्याचे कारण मानणे तर्कास धरून होत नाही.

मग सर्व्हर जवळ असण्याचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अ‍ॅशबर्न हे सरळ अंतर जवळजवळ १३,००० किलोमीटर धरले, तर निरोप जाऊन उत्तर येण्यास किमान १३० सहस्रांश सेकंद लागतात. समुद्रतारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात याहून बरेच अधिक लागतात. एक पान उघडताना असे हेलपाटे अनेक होतात. तोच सर्व्हर महाप्यास असेल, तर शिरवण्याच्या वाचकास अंतरामुळे होणारा विलंब नगण्य राहतो. एप्रिल २०१० पासून गूगलने पान उघडण्याच्या वेगास क्रमनिश्चितीत स्थान दिले. मात्र त्याचा परिणाम शेकडा एकाहून कमी शोधांवर होतो, असे त्याच वेळी सांगितले होते. जुलै २०१८ मध्ये भ्रमणध्वनीवरील शोधांना तोच नियम लागू झाला, आणि तोही अत्यंत संथ पानांपुरता. २०२१ पासून वाचकांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून काढलेली मापे विचारात घेतली जातात. त्यात पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी अपेक्षा आहे. अडीच सेकंदांच्या हिशेबात समुद्रापलीकडील हेलपाट्यांचा वाटा असतो खरा, परंतु जडशीळ छायाचित्रे व अघळपघळ रचना यांचा वाटा बहुधा त्याहून मोठा निघतो. महाप्याच्या सर्व्हरवर ठेवलेले बोजड पान अमेरिकेतील सुटसुटीत पानाच्या मागे पडणे सहज शक्य आहे.

वेगाहूनही महत्त्वाची गोष्ट अखंडतेची. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्रतारा तुटल्या, आणि भारताची पश्चिमेकडील इंटरनेट-वाहतूक एकाएकी निम्म्यावर आली. त्या दिवसांत नवी मुंबईतल्याच गिऱ्हाइकास नवी मुंबईतल्याच दुकानाचे अमेरिकेत ठेवलेले पान उघडताना धाप लागली असल्यास नवल नाही. देशांतर्गत वाहतूक देशातच वळविण्याकरिता २००३ साली निक्सी स्थापन झाली होती. परंतु संकेतस्थळेच परदेशी असतील तर असल्या नाक्याचा उपयोग मर्यादितच राहतो. सर्व्हर भारतात असावा याचे हे एक सबळ कारण होते, पण ते शोधक्रमाचे कारण नव्हे.

दुसरे सबळ कारण कायद्याचे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश काढला. त्याच दशकात मोठ्या परदेशी कंपन्यांनीही मुंबई परिसरात आपले विभाग उघडले; अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये व गूगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये. समुद्रतारांचे मुंबईतील किनारे, औद्योगिक क्षेत्रातील वीज, आणि सलग मोठे भूखंड, या तिन्हींमुळे खाडीपलीकडचा हा पट्टा या धंद्यास मानवला. चीनमध्ये तर देशातील सर्व्हरसाठी सरकारी नोंदणी सक्तीची आहे, व बाहेरील पाने सीमेवरच मंदावतात. म्हणून तेथील बायडू या शोधयंत्रापुरते सर्व्हरचे स्थान आजही महत्त्वाचे समजले जाते. तेथे हे कार्य राज्यसत्तेचे आहे. चिनी अनुभव भारतास जसाच्या तसा लावणे ही समजूत टिकून राहण्याची एक वाट झाली आहे.

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे. जो दुकानदार जाणीवपूर्वक भारतीय सर्व्हर घेतो, तो बहुधा ‘.इन’ डोमेनही घेतो, पत्ता नीट लिहितो, मजकूर स्थानिक भाषेत देतो, व आपल्या नोंदी वेळच्या वेळी दुरुस्त करतो. यांपैकी कशाने तरी त्याचा क्रम वाढतो, आणि श्रेय सर्व्हरच्या पदरी पडते. सहचारास कारण मानण्याची ही चूक जुनीच आहे. बखरींच्या अभ्यासकांना ती अपरिचित नाही. लहान कारखानदाराच्या दृष्टीने मात्र ती महागात पडते. कारण सर्व्हरच्या वाढीव भाड्यात जो पैसा जातो, तोच मराठी मजकूर लिहून घेण्यास किंवा पत्ता दुरुस्त करण्यास उरत नाही.

आणि शिरवण्यापुरता पाहता, पत्ता हीच खरी अडचण आहे. गावठाणातील वाटा सिडकोच्या आराखड्याप्रमाणे आखलेल्या नव्हेत. औद्योगिक क्षेत्रातील गाळ्यांच्या पाट्यांवर कधी शिरवणे, कधी नेरूळ, कधी जुईनगर, तर कधी तुर्भे असे लिहिलेले असते. रोमन लिपीत या एकाच नावाची निदान तीन रूपे प्रचारात आहेत, आणि हिंदीच्या संसर्गाने देवनागरीतही ‘शिरवने’ असे लिहिले जाते. एकाच गाळ्याचा पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारे नोंदला गेला, तर ती तीन दुकाने की एक, हा संभ्रम यंत्रास पडतो, व लौकिक विभागला जातो. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे, त्यामुळे नाव मूळ लिपीत लिहिण्याची सोय झाली. परंतु गावाचे नाव स्वतः गावकऱ्यांनी व गाळेवाल्यांनी एकाच रूपात लिहिल्यावाचून त्या सोयीस अर्थ येत नाही. ज्या गावाने आपली शेते शहरास दिली, त्याचे नाव तरी शोधात सापडावे की त्याऐवजी शेजारच्या स्थानकाचे नाव पुढे यावे, हे अशा लहानसहान नोंदींवर ठरत आहे.

२०२४ मध्ये एक वृत्त प्रसिद्ध झाले. स्वतः गूगल आपल्या डेटा सेंटरसाठी जुईनगर येथील औद्योगिक क्षेत्रातील सुमारे साडेबावीस एकरांचा भूखंड घेत असल्याचे त्यात म्हटले होते. ती जागा शिरवण्याच्या शेजारची. तेथे इमारत उभी राहून यंत्रे चालू झाली, तर शिरवण्यातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित हाकेच्या अंतरावरून येऊ लागेल. त्या उत्तरातील दुकानांचा क्रम मात्र पूर्वीसारखाच गाळ्याच्या अंतरावर, जुळणीवर व लौकिकावर लागेल. आणि वृत्तपत्रांनीही त्या जागेचा निर्देश जुईनगर असाच केला, शिरवणे असा नव्हे.